कासवापाशी हरवणाऱ्या बोटी

दुरुस्तीला आलेली वस्तू कधी एकटी येत नाही. तिच्याबरोबर तिची गोष्ट येते. दत्तामामाच्या दुकानातले वायरलेस, मासे शोधायची यंत्रं, जीपीएसचे सेट दुरुस्त होऊन आपापल्या बोटींवर परत जातात, पण गोष्टी दुकानातच राहतात. आता त्या इतक्या साठल्यात की एक सांगायला घेतली की दुसरी तिला चिकटून येते.

दुकान बंदरावर आहे, बर्फाच्या फॅक्टरीला लागून. आईला मासळी विकून घरी यायला उशीर होतो, म्हणून शाळा सुटली की मी तिथे कोपऱ्यात बसून अभ्यास करते. मी फारशी बोलत नाही. त्यामुळे थोड्या वेळाने मी तिथे आहे हेच लोक विसरतात, आणि मग खरं बोलायला लागतात!

*

सगळ्यांची आवडती गोष्ट आधी सांगते.

एका बोटीचा खलाशी धापा टाकत दुकानात आला. "मामा, बोट माणगावला गेली!"

मामा सोल्डरिंग करत होता. त्याने वर न बघता विचारलं, "आणि टोल भरला का?"

"मस्करी नको रे! बोट हितंच जेटीला बांधलीय, आन तुजा डबा दाखवतोय माणगाव! पार बाजाराच्या मागं!"

मामा गेला, मागोमाग मीही. बोटीच्या केबिनच्या टपावर जीपीएसची अँटेना असते, पांढऱ्या छोट्या छत्रीसारखी. या छत्रीला खेटून टीव्हीचा नवाकोरा बूस्टर बसवलेला होता. पोरांना मॅच बघायची होती. मामाने बूस्टरची वायर काढली. जरा वेळाने स्क्रीनवरची बोट माणगावहून निघाली आणि गुमान जेटीवर येऊन उभी राहिली!

बोटीचा तांडेल, म्हणजे सुकाणूवरचा मुख्य माणूस, मागे उभा होता. तो बोटीकडे बघून म्हणाला, "गेलीच व्हतीस तर येताना भाजी तरी आणायची!"

*

त्या दिवशी परत येताना मी मामाला विचारलं, की एवढ्याशा बूस्टरने एवढी मोठी यंत्रणा कशी बिघडते.

मामा म्हणाला, "बाय, लिलावाच्या वेळी जेटीवर किती आरडाओरडा असतो? त्यात तू लांबून हाक मारलीस तर तुझ्या आईला ऐकू येते की नाही?"

"येते."

"का येते? तू सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडतेस म्हणून?"

मी मोठ्याने ओरडते, या कल्पनेने आम्ही दोघंही हसलो.

"तिला तुझ्या हाकेची चाल पाठ आहे, म्हणून येते. उपग्रहाचं तसंच. त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचेतो इतका बारीक होतो की आजूबाजूच्या गोंगाटात तो बुडालेलाच असतो. पण तो आपलं बोलणं एका ठरावीक चालीत लांबरुंद पसरून पाठवतो, आणि ती चाल सेटला पाठ असते. त्या चालीवरून सेट त्याला गोंगाटातून वर काढतो. फक्त कुणी कानाशी पत्र्याचा डबा बडवायला घेतला की मग आईलाही काही ऐकू येत नाही."

"मग काय करायचं?"

"डबा लांब न्यायचा. नाहीतर त्याच्यावर गोधडी टाकायची. माझं दुकान एवढ्यावरच चालतं!"

*

आता जी गोष्ट दुकानात कुणी मोठ्याने बोलत नसे, ती.

आमच्या खाडीच्या तोंडाशी एक खडक आहे. ओहोटीला तो कासवाच्या पाठीसारखा वर दिसतो, भरतीला बुडतो. त्याला कासवच म्हणतात. थंडीतल्या एका सकाळी, भरती असताना आणि दाट धुकं असताना, आमची बोट 'दर्यालक्ष्मी' त्याच्यावर चढली. सुकाणूवर माझे बाबा होते.

माणसं सगळी वाचली. बोट राहिली नाही. आणि नथूकाकाचा उजवा हात फळीखाली सापडला, तो आता कोपरातून सरळ होत नाही. नथूकाका बाबांचा सर्वांत जुना खलाशी. बोटीवर चहा तोच करायचा. पहिला ग्लास तांडेलाचा, अशी आमच्याकडे रीत आहे, आणि मला कळायला लागल्यापासून बाबांच्या हातात तो ग्लास नथूकाकाच देत आला होता.

बाबा त्याला भेटायला दवाखान्यात गेले तेव्हा मी बरोबर होते. बाबा म्हणाले, "नथू, स्क्रीनवर मी कासवाच्या बाहेर होतो रे."

नथूकाका भिंतीकडे बघत म्हणाला, "स्क्रीनवर व्हतास. पाण्यावर कुठं व्हतास?"

त्यानंतर तो बाबांशी बोलला नाही. बंदरावर ठरून गेलं की तांडेलाचा डोळा लागला. कुणी तोंडावर म्हणत नसे. पण बाबांना 'तांडेल' म्हणणंही सगळ्यांनी सोडलं. सगळे 'जनूभाऊ' म्हणू लागले. त्याआधी आईसुद्धा दारात आलेल्या माणसाला "तांडेल घरी नाहीत" असंच सांगायची. कुणी बाबांना बोटीवर बोलवेना. ते जेटीवरच्या बदामाखाली बसून लोकांची जाळी शिवू लागले.

आमच्या बोटीचा सेट केबिनमध्ये उंच बसवलेला होता, त्यामुळे तो वाचला. मामाने तो दुकानाच्या खिडकीत लावून ठेवला आणि कितीतरी दिवस त्याच्यावर नजर ठेवली. दुकान जिथे आहे तिथेच तो दुकान दाखवत राहिला. एकदाही चुकला नाही.

शेवटी मामा बाबांकडे गेला. "दाजी, सेट चांगला आहे," तो म्हणाला, आणि लगेच, "माफ करा."

दुरुस्तीवाल्याने सेट चांगला निघाला म्हणून माफी मागितलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

*

विलासची गोष्ट त्याच्या नंतरच्या उन्हाळ्यातली. विलास पेणकडचा, बर्फाचा आणि मासळीचा ट्रक चालवतो. मोठ्याने हसतो, मोठ्याने हॉर्न वाजवतो, आणि बंदरावरच्या प्रत्येकाला 'शेठ' म्हणतो, मलासुद्धा.

त्या उन्हाळ्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. सकाळी लिलाव संपता संपता जेटीवरच्या सगळ्याच बोटींचे जीपीएस आंधळे व्हायचे. दुपारी आपोआप बरे! लोक सेट बोटीवरून सोडवून दुकानात आणेपर्यंत दुपार झालेली असायची आणि सेट चालू झालेला असायचा. मामाला पैसे कशाचे मागावेत तेच कळेना.

मग एका सकाळी मामा हातातला छोटा जीपीएस घेऊन जेटीवर चालत सुटला. जिथे सिग्नल जास्त बुडेल तिथे जायचं. चालत चालत तो विलासच्या ट्रकपाशी आला. केबिनमध्ये मोबाइल चार्ज करायच्या खोबणीत बोटाएवढं काहीतरी खोचलेलं होतं.

"हे काय?"

विलास लाजला. "मालकशेठनी गाडीला ट्रॅकर लावलाय ना. मी वडखळला वडा खायला थांबलो तरी फोन येतो. एका दोस्तानं हे दिलं. लावलं का शेठला गाडी दिसत न्हाय."

"अरे, हा जॅमर आहे! बेकायदा आहे! तू शेठच्या कानाशी डबा बडवतोयस, आणि बहिरं होतंय अख्खं बंदर!"

विलासचा चेहरा उतरला. "मंजे माज्यामुलं समद्यांचा पत्ता हरवला?"

"हो. आणि तुझा तेवढा सापडला!"

विलासने ते तिथेच उपटलं आणि दगडाने ठेचलं. सगळे हसले. मला मात्र वेगळंच काही वाटत होतं. मी मामाच्या मागे मागे दुकानात आले आणि विचारलं, "मामा, त्या दिवशी हा ट्रक..."

मामाला पुढचं विचारायची गरज पडली नाही. त्याने मान हलवली. "तेव्हा विलास इथे येत नव्हता, बाय. आणि कासव जेटीपासून फार लांब आहे."

*

रेहमानचाचा मुरुडकडचे. स्वतःची बोट आहे, पांढरी दाढी आहे आणि मुलगी शिक्षिका आहे. बाबांच्या अपघाताचा त्यांनी फार धसका घेतला होता. कुठूनतरी त्यांनी ऐकलं की धातूचं आवरण असलं की बाहेरचा त्रास आत येत नाही. म्हणून त्यांनी मुलीच्या डब्याचा चंदेरी कागद आणला आणि अँटेनाच्या छत्रीला सगळ्या बाजूंनी नीट, एकही सुरकुती न ठेवता गुंडाळला.

जीपीएस ठार बंद.

मामा कागद सोडवत म्हणाला, "चाचा, चोर येऊ नये म्हणून तुम्ही दाराच्या जागी भिंतच बांधलीत! पाहुण्यांनी कुठून यायचं?"

चाचांनी विचार केला. म्हणाले, "पण चोर आला नाही, हे तर कबूल कर!"

*

पुढची गोष्ट देवीची आहे. ती सांगताना मी जपून सांगते.

खाडीच्या तोंडावरच्या टेकावर देवीचं देऊळ आहे. परत येणारी बोट देवळाच्या समोर आली की तांडेल केबिनमधल्या देवीच्या फोटोवरचा दिवा लावतो, हात जोडतो, "आई, आलो गो," म्हणतो, आणि मगच आत वळतो. आधी साधा लाल बल्ब असायचा. मग माणगावच्या बाजारात बॅटरीवर चालणाऱ्या रंगीत एलईडीच्या माळा आल्या. जेटीला बोट बांधली की माळ बंद करतात, बॅटरी उतरू नये म्हणून.

बाबांच्या अपघातानंतर कितीतरी बोटींनी देवीला नवी, मोठी माळ घेतली. भीतीच तशी होती. आणि त्या वर्षी एकेक तांडेल हळूच दुकानात येऊन सांगू लागला की कासवापाशी स्क्रीन दगा देते. मामा बोटीवर जाऊन बघायचा तर जेटीला सगळं ठणठणीत.

एका दुपारी दुकानात याचीच चर्चा चालली होती.

"नेव्हीवाले करतात काहीतरी."

"नेव्हीला काय तुजी कोलंबी पायजे?"

बाबांच्या चुलतभावाचा, हरेशकाकाचा, आवाज खाली गेला. "आई रागावलीय. मी तर आता दोन माळा लावल्यात. तरी परवा कासवापाशी दिशा चुकली."

रेहमानचाचा चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "मग माझ्या बोटीला कधी काही होत नाही ते कसं? देवी तुमच्यापेक्षा माझ्यावर खूश आहे की काय?"

सगळे हसले, चाचांच्या पाठीवर थापा पडल्या. मी हसले नाही. मी कोपऱ्यातून म्हणाले, "चाचांच्या बोटीत माळ नाही."

इतक्या हळू म्हणाले की मामाने विचारलं, "काय?"

मला वाटलं, काही नाही म्हणावं. पण सगळे वळून माझ्याकडे बघत होते, म्हणून पुन्हा म्हणाले. आणि वर आणखी एक वाक्य म्हणाले, "आणि जेटीला सगळ्यांचीच माळ बंद असते."

मामाने चहाचा कप खाली ठेवला. देवीचा फोटो केबिनमध्ये जिथे असतो त्याच्या बरोबर वर, टपावर, अँटेनाची छत्री असते. हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनीच ती तिथे बसवली होती, देवीची नजर राहावी म्हणून!

*

आमच्या बोटीची माळ आईने घरच्या देव्हाऱ्याखाली जपून ठेवली होती, तिचे दिवे पळवणाऱ्या छोट्या डब्यासकट. तिनेच ती आणून दिली, काही न विचारता.

मामाने बर्फाची हातगाडी घेतली. तिच्यावर बॅटरी, 'दर्यालक्ष्मी'चा सेट, अँटेनाची छत्री आणि छत्रीखाली माळ, असं सगळं बोटीवर होतं तसं मांडलं. आणि बदामाखालून बाबांना उठवून आणलं. "दाजी, ढकला."

जनूभाऊ भर दुपारी माळ लावलेली हातगाडी ढकलत निघाले म्हटल्यावर सगळं बंदर गोळा झालं. कुणीतरी ओरडलं, "जनूभाऊची नवी बोट आली रे!" बाबांनी मान वर केली नाही.

मी गाडीच्या बाजूने चालत स्क्रीन बघत होते. जेटीवरून सरळ चाललो तोवर स्क्रीनवरची बोटही सरळ चालली होती. मग मामाने माळ चालू केली. लाल, हिरवे, निळे दिवे पळू लागले. स्क्रीनच्या कडेच्या सिग्नलच्या काड्या एकेक करून खाली बसल्या.

"आता वळा," मामा म्हणाला.

बाबांनी गाडी डावीकडे वळवली, फॅक्टरीकडे. स्क्रीनवरची बोट वळली नाही. सिग्नल तुटल्यावर तो सेट जुन्याच दिशेने अंदाज बांधत जातो, असं मामाने नंतर सांगितलं. ती सरळ पुढे गेली. जेटी संपली तरी गेली. पाण्यात गेली.

बाबा थांबले. ते स्क्रीनवर वाकले. मग म्हणाले, "असंच. अगदी असंच झालं होतं."

गर्दीत मागे नथूकाका उभा होता. तो पुढे आला, मामापाशी. बाबांकडे बघितलंही नाही. "मंजे माजा हात आईच्या दिव्यानं मोडला, असं म्हन्तोस तू?"

हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता आणि विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

उत्तर बाबांनी दिलं. "आईच्या दिव्यानं नाही, नथू. चांगला बल्ब काढून मी बाजारातली स्वस्तातली माळ लावली, त्यानं. मी झोपलो नव्हतो, एवढंच. बाकी माळ मीच आणलेली."

नथूकाका वळला आणि गर्दीतून निघून गेला.

*

देवीचा दिवा बंद करायला बंदरावर कुणीही तयार नव्हतं. मामालाही ते नको होतं. तो म्हणाला, "दिवा राहील. फक्त माळेच्या डब्याची बडबड बंद करायची."

पहिलं काम हरेशकाकाच्या बोटीवर झालं. छत्री देवीवरून काढून मागे उंच दांड्यावर नेली. माळेचा डबा पत्र्याच्या पेटीत घातला. आणि वायरवर मामाने एक जाड काळी कडी चढवली, लोखंडाच्या भुकटीपासून बनवलेली. वायरमधून जाणारा गोंगाट ती गिळते.

हरेशकाकाची आई पाहायला आली होती. तिने ती कडी निरखून बघितली आणि समाधानाने मान डोलावली. "काळा मणी बांधलास ते बरं केलंस. आईलाबी दिष्ट लागतेच की!"

मामाने समजावून सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. तेव्हापासून बंदरावर त्या कडीला काळा मणीच म्हणतात. लोक दुकानात येऊन तेच मागतात.

*

चाचणीला भरतीची वेळ निवडली होती, कासव बुडालेलं असताना. सुकाणूवर हरेशकाका. मामाने मला स्क्रीनसमोर बसवलं. "काड्या खाली बसल्या की ओरड," तो म्हणाला, आणि मग थोडा विचार करून, "ओरडता नाही आलं तर माझा शर्ट ओढ."

बाबांना मामानेच आग्रह करून आणलं होतं. ते सगळ्यांत मागे जाळ्यांच्या ढिगावर बसले होते. नथूकाका हल्ली हरेशकाकाच्या बोटीवर असतो. तो स्टोव्हपाशी चहा ठेवत होता. दोघांच्या मध्ये सबंध बोट होती.

बाहेर जाऊन आम्ही परत फिरलो. टेकावरचं देऊळ दिसायला लागलं, मग जवळ आलं, मग समोर आलं. हरेशकाकाचा हात माळेच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. इंजिनाचा आवाज तेवढा होता. डाव्या अंगाला पाणी एका जागी नुसतंच गोल फिरत होतं, त्याच्या खाली कासव होतं.

बाबा उठले. जाळ्यांवरून, दोरांवरून चालत ते केबिनमध्ये आले. हरेशकाकाच्या हाताखालून हात घालून त्यांनी बटण दाबलं.

देवीभोवती लाल, हिरवे, निळे दिवे पळू लागले.

"आई, आलो गो," बाबा म्हणाले.

मी काड्यांकडे बघत होते. एकही हलली नाही. हरेशकाकाने सुकाणू वळवलं. स्क्रीनवरची बोट वळली. ते गोल फिरणारं पाणी हळूहळू मागे गेलं. मी मामाचा शर्ट ओढला नाही, तरी माझी मूठ त्याच्यावर आवळलेली होती.

नथूकाका थाळीत ग्लास घेऊन केबिनच्या दारात आला. थाळी त्याने डाव्या हाताने छातीशी धरली होती. वाकड्या हाताने त्याने पहिला ग्लास उचलला. हरेशकाकाने सवयीने हात पुढे केला.

नथूकाका त्याच्यासमोरून पुढे गेला.

"घे, तांडेल," तो म्हणाला. "गार होतोय."